रोपं पुरे, उघाडीचं बघा

प्रति,
पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळेगाव आणि चाकण पट्ट्यातल्या कंपन्यांच्या सीएसआर समित्यांचे सर्व सदस्य



२६ जुलै हा जागतिक कांदळवन दिन. युनेस्कोने २०१५ मध्ये तो जाहीर केला आणि हळूहळू त्या दिवसाच्या आगेमागे कंपन्यांच्या बसगाड्या घाट उतरू लागल्या. सगळ्यांच्या अंगात एकसारखे टी-शर्ट, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात तिवराचं रोप, मागे बॅनर. दुपारचं जेवण उरकून बस परत. वार्षिक अहवालात ‘इतकी हजार रोपं लावली’ असं एक वाक्य आणि चार फोटो येतात. पुढच्या वर्षी जागा वेगळी, रोपं वेगळी. आधीच्या रोपांचं काय झालं, ते अहवालात शोधूनही सापडत नाही.

तुमच्या कारखान्यात हे खपलं असतं का? एखाद्या व्हेंडरने ‘एवढे पार्ट पाठवले’ इतकंच सांगितलं, लाइनवर किती बसले आणि किती रिजेक्ट झाले याचा पत्ताच दिला नाही, तर तुमचा क्वालिटीवाला त्याचं पुढचं बिल पास करेल का? झाडांच्या बाबतीत मात्र आपण पाठवलेले नग मोजतो आणि टाळ्या वाजवतो.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. खाडीसाठी पैसा द्या, जरूर द्या. पण तो रोपांवर कमी घाला. पाण्याच्या वाटा, खारं पाणी अडवणारे खारबांध, त्यांतल्या झडपेच्या मोऱ्या म्हणजे उघाड्या, आणि त्या खाडीवर ज्यांचं पोट आहे त्यांची कोळंबी, चिंबोरी, जिताडा यांवर जास्त घाला. आणि मार्चअखेरचा हिशेब डोळ्यांपुढे ठेवून घालू नका.

पहिली हरकत मला ठाऊक आहे. कंपनी कायद्याचं कलम १३५ सांगतं, की सीएसआरच्या दोन टक्क्यांत आसपासच्या भागाला प्राधान्य द्या. समुद्र घाटाखाली, दुसऱ्या जिल्ह्यात. आमचा काय संबंध? यातलं कायद्यापुरतं उत्तर सोपं आहे. स्थानिक भागाचं प्राधान्य ही दिशा आहे, सक्ती नव्हे, असं केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. खरं उत्तर मात्र नदीत आहे.

लोणावळ्याच्या वळवण आणि शिरोता तलावांत साठतं ते इंद्रायणीच्या खोऱ्यातलं पाणी. ते आळंदीला येत नाही. ते घाट उतरून १९१५ पासून खोपोलीला वीज तयार करतं, आणि पाताळगंगेतून धरमतरच्या खाडीला जातं. आंद्रा नदीवरच्या ठोकळवाडीचं पाणी १९२२ पासून भिवपुरीला उतरून उल्हास नदीत जातं. मुळेचं पाणी मुळशीला अडलं आणि १९२७ पासून भिऱ्याला उतरून कुंडलिकेतून रेवदंड्याच्या खाडीकडे निघालं. सेनापती बापटांनी ज्या धरणाविरुद्ध मावळ्यांना घेऊन सत्याग्रह केला, ते हेच धरण. तुमची टीम आउटिंगला कोलाडला राफ्टिंग करते ना, ती लाट भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेल्या पाण्याची असते. म्हणजे वाकड-सांगवीवरून वाहायची ती मुळाच तिथे तुमच्या बोटीखाली असते. टाटांच्या या सगळ्या तलावांमधून असं वर्षाला सरासरी ४२ टीएमसीच्या आसपास पाणी पश्चिमेला जातं.

उरलेलं पाणी पूर्वेला जातं. पवना, मुळा, इंद्रायणी, भामा या आपल्या वस्त्यांमधून आणि शेडमधून वापरलेलं पाणी गोळा करत भीमेत उतरतात. आळंदीच्या घाटावर इंद्रायणीला आलेला पांढरा फेस वारीच्या दिवसांत सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिला आहे. भीमा पुढे उजनीत साठते, रायचूरजवळ कृष्णेला मिळते, आणि श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाडा करत कृष्णा हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला भेटते. तिथेही कांदळवन आहे आणि त्याच्या पाठीला पाठ लावून कोळंबीची तळी. वरचं निवळ पाणी एका समुद्राला आणि खालचं खराब पाणी दुसऱ्या समुद्राला, अशी ही आपल्या पट्ट्याची वाटणी आहे. दोन्ही टोकांना खाडी आणि कोळंबी आहे. ‘आमचा काय संबंध’ हे वाक्य आपण तरी वापरू नये.

तिसरा संबंध बंदराचा. चाकणला भरलेले कंटेनर न्हावा-शेव्याला जातात. त्याच उरण-पनवेलच्या खाड्यांत बंदराच्या आणि इतर कामांमुळे कांदळवन गेलं, भरतीच्या वाटा बुजल्या आणि पारंपरिक मच्छीमारांचा धंदा बसला, असा दावा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे आला होता. फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यायाधिकरणाच्या पश्चिम विभागीय पीठाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ते पीठ बसतं पुण्यात, तुमच्यापासून तासाभरावर.

आता कांदळाकडे येऊ. खारफुटीचं झाड लावायला सोपं आणि तगवायला अवघड. कारण त्याला माती लागते त्याहून जास्त वेळापत्रक लागतं. दिवसातून किती वेळ पाण्याखाली, किती वेळ उघड्यावर, उधाणाला किती चढतं, भांगाच्या मंद भरतीला किती चढतं, पावसाळ्यात गोडं पाणी कुठवर येतं. तिवर, चिप्पी, कांदळ, मारंडी या प्रत्येक जातीची यातली जागा ठरलेली आहे. ही जागा चुकली की रोप मरतं. फिलिपाइन्समध्ये आधी कोळंबी आणि माशांच्या तळ्यांसाठी अफाट कांदळवन तोडलं, मग परदेशी कर्जाच्या पैशाने ते पुन्हा लावायला घेतलं. जर्गेन प्रिमावेरा या तिथल्या सागरी शास्त्रज्ञ बाईंनी २००८ मध्ये या लागवडींचा आढावा घेतला, तर मोठा खर्च होऊनही तगलेली रोपं १० ते २० टक्के. रोपं चुकीच्या जातीची आणि चुकीच्या जागी लावली होती. जिथे पूर्वी कांदळवन होतं ती जागा तळेवाल्यांच्या ताब्यात, म्हणून रोपं गेली भरतीरेषेखालच्या उघड्या चिखलात, जिथे कांदळ कधीच नव्हतं. फोटो काढायला ती जागा उत्तम असते, हेही एक कारण असावं.

याउलट तमिळनाडूत पिचावरमला स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठान आणि वनखात्याने काय केलं ते बघा. तिथे जुन्या तोडीमुळे जमीन मधोमध खचून खोलगट झाली होती. भरतीचं पाणी आत यायचं, बाहेर पडायचं नाही, उन्हाने आटायचं आणि मीठ मागे ठेवायचं. तिथे काहीच रुजेना. त्यांनी आधी चर खणले. एक मुख्य चर, त्याला तिरपे फुटलेले उपचर, माशाच्या काट्याच्या आकाराचे. पाणी खेळतं झालं, मीठ धुऊन गेलं, मग रोपं लावली आणि ती धरली. हीच पद्धत पुढे गोदावरी आणि कृष्णेच्या मुखाशी वापरली गेली. म्हणजे आपलीच नदी जिथे संपते, तिथे. फावड्याचं काम आधी, रोपांचं नंतर, आणि पुष्कळ ठिकाणी तर पाण्याची वाट मोकळी झाली की रोपं आणावीच लागत नाहीत. बी भरतीबरोबर तरंगत येतं.

कोकणात मामला आणखी गुंतागुंतीचा आहे, आणि तो समजून न घेता तिथे गेलात तर गावकरी तुमच्याकडे संशयाने बघतील. बरोबरच बघतील. अलिबाग-पेणच्या खारेपाटात पिढ्यान् पिढ्या लोकांनी खाडीला बांध घालून भातशेती केली. बांध शाबूत राहिला तर शेत, फुटला तर खाजण, म्हणजे खाऱ्या पाण्याखालची जमीन. पूर्वी बांधाची डागडुजी गावकी करायची. पुढे ते काम सरकारकडे गेलं, १९७९ मध्ये खारभूमी विकासाचा कायदा आला आणि बांध ‘योजने’त बसला किंवा न बसला यावर गावाचं नशीब ठरू लागलं. बांध फुटतो, दुरुस्ती रेंगाळते, दोन-तीन उधाणं आत येतात, भात जातं. त्यानंतर तिवराचं बी तरंगत येतं आणि शेतातच रुजतं. आता सातबारा शेतकऱ्याचा आणि झाड कायद्याने संरक्षित. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळतोडीवर बंदी आणली. सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात तर कांदळवनाचा नाश हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला, आणि जमीन कोणाच्याही मालकीची असो, संरक्षण लागू केलं. निकाल योग्यच आहे. त्याच्यामुळेच मुंबई-ठाण्याचं कांदळवन बिल्डरच्या भरावाखालून वाचलं. पण ज्याच्या शेतात कांदळ घुसलं त्या खारेपाटातल्या माणसाला तुम्ही ‘सेव्ह मॅन्ग्रोव्ह’चा टी-शर्ट देऊन काय सांगणार?

भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालात महाराष्ट्राचं कांदळवन २०१३ मध्ये १८६ चौरस किलोमीटर होतं आणि २०२१ मध्ये ३२४. ही वाढ आनंदाची आहे. २०१२ मध्ये राज्याने स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला, २०१५ मध्ये त्याच्या जोडीला कांदळवन प्रतिष्ठान आलं, २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण यातली काही वाढ मोजणी सुधारल्याची आहे आणि काही बुडालेल्या भातशेतीची. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, हिरवा पट्टा वाढला म्हणून खाडी जिवंत झाली असं होत नाही. ठाण्याच्या खाडीत शहरांचा मैला आणि गाळ येत राहिला, त्या गाळावर तिवर माजलं, शेवाळावर फ्लेमिंगो आले, २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. तिथल्या कोळ्याच्या जाळ्यात मात्र पूर्वीची मासळी परत आली नाही. तिवर घाण सोसतं. कोळंबीला आणि कालवांना ती सोसत नाही. खाडीची तब्येत मोजायची असेल तर उपग्रहाच्या चित्रापेक्षा मासळीच्या टोपलीवर जास्त विश्वास ठेवा.

इथे कोळंबी आली, आणि तिच्याबद्दल आधी वाईट ते सांगतो. कांदळवनाच्या जगभरातल्या मोठ्या शत्रूंपैकी एक ठरली ती कोळंबीच. वास्तविक कोळंबीचं बाळपण कांदळाच्या मुळांतच जातं. समुद्रात अंडी, खाडीत पिल्लं, मोठी झाली की पुन्हा समुद्र. पण तळ्यात कोंडून वाढवायची म्हटलं की माणसाला नेमकी कांदळवनाचीच सपाट, भरतीची जमीन हवी असते. आपल्या देशात नव्वदीच्या सुरुवातीला पूर्व किनाऱ्यावर कोळंबीची तेजी आली. शेतं खारी झाली, विहिरी खारट झाल्या, आणि १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने तळीच्या तळी साफ झाली. ११ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने किनारपट्टीच्या नियमन क्षेत्रात पारंपरिक पद्धत सोडून बाकीची कोळंबीची तळी बंद करायला सांगितलं. संसदेने २००५ मध्ये किनारी मत्स्यशेती प्राधिकरणाचा कायदा करून धंद्याला परवान्याच्या चौकटीत परत जागा दिली. २००९ मध्ये पांढऱ्या पायाच्या ‘व्हॅनामेई’ला परवानगी मिळाली आणि चित्रच बदललं. २०२३-२४ मध्ये देशातून ७ लाख टनांवर गोठवलेली कोळंबी निर्यात झाली, किंमत ४० हजार कोटी रुपये. सगळ्यात मोठा वाटा आंध्राचा. पिंपरीच्या मासळी बाजारात थर्माकोलच्या खोक्यात बर्फाखाली एकाच मापाची, राखाडी-पांढरी कोळंबी दिसते ना, ती हीच. एकाच मापाची असते, कारण ती एकाच दिवशी सोडलेली आणि साधारण चार महिन्यांनी एकाच दिवशी काढलेली असते.

तेव्हा ‘कांदळवनासोबत शाश्वत कोळंबी’ असं कुणी सादरीकरण घेऊन आलं, तर चार प्रश्न विचारल्याशिवाय चेक फाडू नका. तळं कुठे आहे? त्यासाठी एक तरी तिवर तोडलं का? दर चौरस मीटरला किती पिल्लं सोडता? आणि तळ्याचं घाण पाणी कुठे जातं? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. रॉबर्टसन आणि फिलिप्स या शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये एक हिशेब मांडला होता. एक हेक्टर तळ्यातून निघणारं नत्र आणि स्फुरद जिरवायला किती कांदळवन लागेल? मध्यम दाटीच्या तळ्याला दोन-तीन हेक्टर. दाट भरलेल्या तळ्याला २२ हेक्टर. दोन झाडांची रांग लावून तळ्याला ‘हिरवं’ म्हणणाऱ्याला हा आकडा ऐकवा.

मग दोन्ही सोबत नांदतात कुठे? आपल्या शेजारीच, गोव्याच्या खाजनांत. सुमारे १८ हजार हेक्टर जमीन तिथे गावकारीने, म्हणजे गावाच्या सामायिक कारभाराने, शेकडो वर्षं अशी राखली. बाहेर कांदळ, त्याच्या आत बांध, बांधात मानस म्हणजे झडपेचं दार. पावसाळ्यात आत कोरगुट नावाचं खारं पाणी सोसणारं भात. भात निघालं की मानस उघडून भरतीबरोबर कोळंबीची पिल्लं आत घ्यायची, ती तिथल्याच कुजक्या पेंढ्यावर आणि शेवाळावर वाढू द्यायची, आणि ओहोटीला दाराशी जाळं लावून मोठी तेवढी धरायची. बाहेरचं कांदळ लाट झेलतं म्हणून बांध टिकतो, बांध टिकतो म्हणून भात पिकतं, आणि कांदळात पिल्लं असतात म्हणून मानशीवर कोळंबी मिळते. हीसुद्धा रामराज्याची गोष्ट नाही. मानशीच्या मासेमारीचा लिलाव होऊ लागला, ठेकेदाराला कोळंबी जास्त हवी म्हणून दार नको तेव्हा उघडं राहू लागलं, खारं पाणी भातात शिरलं आणि कित्येक खाजनं बुडाली. दार कधी उघडायचं हे ज्याच्या हातात, शेत त्याच्या हातात. कोळंबी टिकाऊ होते ती या कारभारामुळे. प्रमाणपत्र त्याच्या नंतर येतं.

परदेशातलं एक चांगलं उदाहरण व्हिएतनामच्या का-माऊ प्रांतातलं. तिथे तळ्याच्या निम्म्या भागात कांदळ ठेवायचं, बाहेरचं खाद्य घालायचं नाही, वाघी कोळंबी विरळ सोडायची, अशा अटींवर सेंद्रिय कोळंबी विकली जाते. उत्पादन कमी आणि भाव जास्त. रोग आला तरी घर धुऊन निघत नाही, कारण खाद्याची उधारी नसते.

आणि एक उदाहरण खास तुमच्यासाठी. जावा बेटावर देमाक जिल्ह्यात तळ्यांसाठी कांदळ तोडल्यामुळे किनारा वाहून गेला आणि गावं समुद्रात जाऊ लागली. डच आणि इंडोनेशियन संस्थांनी २०१५ पासून तिथे झावळ्या-काटक्यांचे पाझरते बांध घालून गाळ अडवला, गाळावर कांदळ आपसूक उगवलं, तळेवाल्यांनी तळ्याची कड कांदळाला सोडली आणि शेतीशाळेत शिकून कोळंबीचं उत्पन्नही वाढवलं. सगळं छान चाललेलं असताना जमीनच खचत होती. कारण शेजारच्या सेमारांग शहरात आणि तिथल्या उद्योगांत बोअरवेलने चाललेला पाण्याचा उपसा. किनाऱ्यावर कितीही चोख काम केलं, तरी कारखान्याच्या आवारात जे चालतं ते तिथवर पोचतं. तुमच्या सांडपाणी प्रकल्पाच्या मीटरचं रीडिंग ज्या दिवशी खरं असेल, त्या दिवशी तुम्ही खाडीसाठी पहिलं काम केलेलं असेल. त्याला सीएसआर म्हणत नाहीत आणि त्याचा फोटोही येत नाही.

आता काय करायचं ते सांगतो.

पैशाआधी हुन्नर द्या. उघाडी म्हणजे खारबांधातली झडपेची मोरी. झडप खाडीच्या बाजूला, वरच्या बिजागरीवर लोंबती. भरती आली की खाडीचं पाणीच तिला दाबून बंद करतं. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आत साचलेलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. वीज नाही, मोटर नाही. तुमच्या भाषेत साधा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. पण लाकूड कुजतं, लोखंड खाऱ्या हवेत पापुद्रे सोडतं, बिजागरी जाम होते, फटीत ओंडका अडकतो, आणि एका रात्रीच्या उधाणात पन्नास घरांचं वर्षाचं भात जातं. जगातल्या नामांकित मोटारींचे सुटे भाग मायक्रॉनमध्ये बनवणाऱ्या भोसरीच्या वर्कशॉपला न गंजणारी, दोन माणसांना बदलता येईल अशी उघाडीची झडप बनवता येऊ नये? तीच गोष्ट तळ्यातल्या एरेटरची, क्षारता आणि प्राणवायू मोजणाऱ्या स्वस्त यंत्रांची. यात चाकणला जमणार नाही असं काही नाही. शेतकऱ्याला खारं पाणी हवं तेव्हा मोजून आत घेता आलं आणि नको तेव्हा अडवता आलं, की त्याला कांदळाशी भांडायचं कारण उरत नाही. बांधाबाहेर कांदळ, आत पावसाळ्यात भात, उन्हाळ्यात विरळ कोळंबी किंवा चिंबोरी. खारेपाटातल्या घराशेजारच्या तळ्यात जिताडा पाळायची रीत आहेच. फक्त जिताडा आणि कोळंबी एका तळ्यात सोडायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, जिताडा कोळंबी खाऊन टाकतो.

यात नवीन तोड कुठेही नको. कांदळ आहे तिथे आणि त्याभोवतीच्या ५० मीटरांत तळं खणायचा प्रश्नच येत नाही, कायद्याने तर नाहीच. कोळंबी करायची ती आधीच्या खाजणात, पडीक तळ्यात, बांधाच्या आतल्या जमिनीत. भातासाठी पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे, त्यांनीच पनवेल-१, २, ३ या खाऱ्या जमिनीतल्या भाताच्या जाती काढल्या. द्रुतगती मार्गाने जाताना ते तुमच्या वाटेवर आहे. तळ्यांसाठी रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय आहे. जागेसाठी कांदळवन प्रतिष्ठान आहे, २०१७ पासून त्यांची कांदळवन संवर्धन आणि उपजीविका योजना गावागावांत खेकडे, कालवं, शोभेचे मासे करते आहे. वेंगुर्ल्याला स्वामिनी बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवनाची सफर घडवतात. तुम्हाला नव्याने काही शोधायचं नाही, चाललेल्या कामाच्या मागे उभं राहायचं आहे.

पैशाची मुदत ही दुसरी गोष्ट. सीएसआरच्या नियमांत जानेवारी २०२१ पासून ‘चालू प्रकल्प’ सुरुवातीचं वर्ष सोडून तीन आर्थिक वर्षांपर्यंत चालवता येतो. ती पूर्ण मुदत वापरा, आणि ती संपली की त्याच गावात दुसरा टप्पा घ्या. कांदळाचा भरवसा तीन वर्षांत येत नाही. बरेच पावसाळे आणि एक मोठं वादळ बघितल्याशिवाय काही सांगता येत नाही. दुरुस्त झालेली उघाडी, यंत्रं, होड्या तुमच्या मालकीच्या ठेवताच येत नाहीत, नियम तेच सांगतो. त्या गावाच्या किंवा बचत गटाच्या नावावर करा, पण देखभालीसाठी दर वर्षी थोडे पैसे बाजूला ठेवूनच करा. नाहीतर पाचव्या वर्षी पुन्हा तोच ओंडका आणि तेच उधाण.

तिसरी गोष्ट मोजण्याची. सरासरी १० कोटी किंवा अधिक सीएसआर देणाऱ्या कंपनीला १ कोटी किंवा त्यावरच्या प्रकल्पांचं मूल्यमापन सक्तीचं आहे. ते करणाऱ्या संस्थेला ‘किती रोपं’ विचारू नका. लावलेल्यांतली किती तगली, आपसूक किती उगवली, बांधाआड किती एकर भात परत पिकलं, तळ्याच्या तोंडाशी पाण्यात काय सुटतं, आणि गावातल्या बाईच्या टोपलीत गेल्या वर्षीपेक्षा किती मासळी आली, हे विचारा. आकडे वाईट आले तर तेही अहवालात छापा. रिजेक्शनचा आकडा लपवणाऱ्या लाइनवर तुमचा स्वतःचाच विश्वास नसतो.

कार्बन क्रेडिटच्या नादाला मात्र सध्या लागू नका, एवढं एक आगाऊ सांगतो. खाडीचा चिखल कार्बन धरून ठेवतो हे खरंच आहे. पण गावाला आधी भात आणि मासळी दिसू दे. हिशेबवहीतल्या नफ्याचं पुढे बघू.

बांधाची आणि उघाडीची कामं खारेपाटात फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंतच करता येतात. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की बांधावर माती टिकत नाही. म्हणजे येत्या उन्हाळ्यात काम व्हायचं तर पैसा जानेवारीत मंजूर हवा, आणि त्यासाठी डिसेंबरच्या बैठकीत हा विषय हवा. तोवर एक करा. पेणच्या खारभूमी विकास विभागाकडून नादुरुस्त उघाड्यांची यादी मागवा, ज्या गावांच्या त्या उघाड्या आहेत त्यांतल्या एका गावाच्या ग्रामसभेला जाऊन बसा, आणि आपल्या टूलरूममधल्या एका फिटरला सोबत न्या.

आपला,
पिंपरी-चिंचवडचा एक रहिवासी